आधी शमीम मॅडमना दाखवा

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी किकवीच्या थांब्यावर भोरच्या एसटीची वाट बघत होते. एसटीत बसले आणि मनात आलं, आता तरी प्राचार्य मला विचारतील. सहा आठवडे झाले, तो विचार पुसता येत नाही... म्हणून लिहूनच टाकते.

शमीम आमच्या कॉलेजची ग्रंथपाल, माझी अठरा वर्षांची मैत्रीण. इंटरनेटवर सगळ्यांना मोफत वाचता येणारी संशोधन-नियतकालिकं निघू लागली, तशी कुणाला ना कुणाला ‘आपला लेख पाठवा’ अशी मेल यायची. त्यातलं खरं कोणतं, बोगस कोणतं कळायचं नाही; प्राचार्य म्हणायचे, “आधी शमीम मॅडमना दाखवा.” वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट माझी आणि निवाडा तिचा, हे मला सलायचं.

वेल्ह्याच्या भातवाणांवरचा माझा लेख अशाच एका नियतकालिकाने चार दिवसांत स्वीकारला. ते पत्र मी तिच्यापुढे ठेवलं ते मिरवायला. तिने संपादक मंडळातल्या दोघांना मेल केली. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याने कळवलं, मी पूल बांधायचं शिकवतो, या नियतकालिकाचं नावही ऐकलेलं नाही.

“फुकट वाचायला मिळतं म्हणून वाईट, असं नाही गं. चांगलीही आहेत. पण तुझं भात तपासलं कुणी? पूलवाल्यानं?”

“तुला बघवत नाही म्हण की.”

“नाहीच बघवत. आठ वर्षं गुंजवण्याच्या भातखाचरांतला चिखल तुडवलास तू. दुसरीकडं दे, लागू दे वर्ष.”

मी ऐकलं नाही. लेख आला, शाल-श्रीफळ झालं. पुढे प्रपाठकपदाच्या मुलाखतीत तज्ज्ञांनी नियतकालिकाचं नाव बघून तो न वाचताच बाजूला सारला. चांगल्या नियतकालिकांकडे पाठवला, तर एकदा छापलेलं आम्ही घेत नाही, असं उत्तर आलं. शमीम यावर अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं...

परवा ग्रंथालयात रसायनशास्त्राची नवी बाई स्वीकृतीचं पत्र घेऊन आली. मी हात पुढे केला. “रागावू नका मॅडम, शमीम मॅडमचा कागद बघायचाय,” म्हणत तिने कपाट उघडलं. दाराला आतून शमीमच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता : नियतकालिकाला काय काय विचारावं. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याकडचा एक फार चांगला लेख असा वाया गेला, म्हणून हे.’

माझं नाव कुठेच नव्हतं. तो मोठेपणाही तिनेच घेतला. माझ्या वाट्याला त्या कागदाच्या झेरॉक्स काढून आणणं आलं.