बाबांच्या फोनला पाणी लागलं नव्हतं

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसानं फोनचं मागचं झाकण काढलं, फोन भिंगाखाली धरला आणि मला आत बोलावलं. “या काका, तुमच्या डोळ्यानं पाहून घ्या. मंग म्हणू नका, की आम्ही काहीही लावतो.”

मी चष्मा सावरून पाहिलं. तिळाएवढी एक पट्टी होती. ती मुळात पांढरी असते आणि पाणी लागलं की लाल होते म्हणे. ही डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली होती. चार्जिंगच्या खाचेशी, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर होता.

“मॉइश्चर डॅमेज,” तो म्हणाला. “वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदलावा लागते. नऊ हजार चारशे.”

फोन दिवाळीत साडेतेरा हजाराला घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची आणि हा मे महिना. मी त्याला सांगितलं, की फोन माझ्या वडिलांचा आहे, ते अकोल्याला असतात, आणि मी त्यांना विचारूनच आलो आहे. फोनला पाणी लागलेलं नाही.

“सगळे असंच म्हणतात, काका.”

“सगळ्यांचं मला माहीत नाही. माझे वडील म्हणतात, लागलं नाही.”

तो हसला. कुत्सित नाही, दिवसभर तेच ऐकणारा माणूस हसतो तसा. मी पैसे भरायला नकार दिला, नकार लेखी दिला, त्याच्याकडून पोच घेतली आणि घरी आलो.

वडिलांच्या शब्दावर एवढा भार टाकायला माझ्याकडे कारण होतं. ते वीज खात्यात मीटर रीडर होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी अकोल्यात सायकलवर काढली. दाराला कुलूप दिसलं तर त्यांचे सोबती मागच्या महिन्यावरून अंदाज बांधून आकडा टाकत. बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा जात, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा एक किराणा व्यापारी बिल जास्त आलं म्हणून थेट आमच्या घरी भांडायला आला. बाबा जेवत होते. हात धुऊन ते त्याच्यासोबत त्याच्या दुकानात गेले, त्याच्याच हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, “वाच. मोठ्यानं वाच.” त्यानं वाचला तो आकडा बरोबर निघाला. बाबा परत येऊन उरलेलं जेवले. मी तेव्हा शाळेत होतो. पुढं मी अमरावतीत एका पतसंस्थेत हिशेबाला लागलो, आणि एखादा आकडा जुळत नसला की मला अजून ते दुकान आठवतं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा अमरावतीला यायला तयार नव्हते. “तुमच्या फ्लॅटात मले श्वास नाही होत,” म्हणाले. शेवटी गेल्या दिवाळीत त्यांनीच तोडगा काढला. मी त्यांना मोठा फोन घेऊन द्यायचा, रोज संध्याकाळी ते व्हिडिओ कॉल लावणार, आणि त्यांचा चेहरा मला ठीक दिसतो तोवर ते अकोल्यातच राहणार. त्याप्रमाणे रोज कॉल येई. कधी चेहरा दिसे, कधी नुसता छताचा पंखा आणि मागून आवाज: “दिसून राहिलो ना बे मी?” मी हो म्हणायचो. मेमध्ये एका संध्याकाळी कॉल आला नाही. मी रात्रीच त्यांच्या शेजाऱ्यांना फोन करून विचारलं, दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरमार्गे बसनं जाऊन फोन घेऊन आलो आणि माझा जुना बटणांचा फोन त्यांच्याजवळ ठेवला.

सर्व्हिस सेंटरहून आलो त्या दिवशी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती परतवाड्याची, मनात आलेलं फार वेळ आत ठेवत नाही. पण त्या दिवशी ती आधी भाजी निवडत बसली आणि मग म्हणाली, “अहो, रागावू नका. पण बाबांच्या लक्षात नसन तर?”

“काय लक्षात नसेल?”

“पाणी लागल्याचं.”

मी रागावलो. बाबांना कधी कोणत्या गल्लीतलं मीटर बदललं तेसुद्धा आठवतं, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, “जुनं आठवते हो. मी आत्ताचं म्हणून राहिली.” मग ती उठून गेली. मला खरं तर तिचा राग नव्हता आला. फोनला पाणी लागलं असेल तर दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर बाबा खोटं बोलले, नाहीतर ते विसरले. ते खोटं बोलत नाहीत. म्हणजे एकच उरत होती, आणि ती खरी असेल तर ऐंशीच्या घरातला माणूस गॅस, पाण्याची मोटर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन एकटा राहू शकत नव्हता. नऊ हजार चारशेंसाठी मी भांडत नव्हतो. ती पट्टी चुकीची निघायला हवी होती.

म्हणून मी नीट भांडलो. माझा मुद्दा कूलरचा होता. अकोल्याचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. मार्चअखेर खिडकीत कूलर बसतो तो पावसापर्यंत चालतो, घरातले पापड मऊ पडतात, कागद दमट लागतात. बाबांची खाट कूलरसमोर आणि फोन उशाशी. मी कंपनीला लिहिलं, की तुम्ही हा फोन वऱ्हाडात विकता, इथं उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, तर त्या हवेनं तुमची पट्टी लाल होत असेल तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा कसा? सोबत फोनचं बिल जोडलं, कूलर आणि खाटेचे फोटो जोडले. शेवटी एक वाक्य लिहिलं: ‘माझे वडील असत्य बोलत नाहीत.’ तक्रारीत अशा वाक्याला किंमत नसते हे मला कळत होतं. तरी ते खोडलं नाही.

काउंटरवरच्या माणसाला मुद्दा पटला नाही. “काका, कूलरच्या हवेनं लाल होत असती ना, तं अर्ध्या जिल्ह्याचे फोन माझ्या टेबलावर असते. त्याले डायरेक्ट पाणी लागते.”

“हे लेखी द्या.”

“लेखी मी कसं देऊ? मी काय कंपनी हाव का?”

मग कस्टमर केअरचे फोन झाले. प्रत्येक वेळी नवा आवाज, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सांगायचं. एक बाई हिंदीत फार गोड बोलायची. ती दर वाक्याला माझी क्षमा मागायची आणि मागणी नाकारायची. मी ग्राहक मंचात जाईन म्हणालो. खरंच गेलो असतो. जून लागल्यावर वरच्या कोणा अधिकाऱ्याचा मेल आला: तपासणीचा निष्कर्ष कायम आहे, मात्र ग्राहकसेवेचा भाग म्हणून एक वेळची सवलत देऊन बोर्ड विनामूल्य बदलून देण्यात येत आहे.

बायकोला मी मेल वाचून दाखवला. ‘निष्कर्ष कायम आहे’ हे शब्द मी जरा भरभर वाचले. ती म्हणाली, “चला, सुटलं एकदाचं.” मलाही तसंच वाटलं, निदान त्या दिवशी.

बोर्ड बदलून मिळाला आणि पुढच्याच रविवारी फोन घेऊन अकोल्याला गेलो. पाऊस अजून कुठंच नव्हता, बसची खिडकी हात लावू देत नव्हती. बाबा दारातच बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे त्यायनं चूक कबूल केली?”

“तसं नाही. सवलत म्हणून सोडले पैसे.”

“सवलत?” बाबांना ते आवडलं नाही. “आपल्या फोनले पाणी लागलंच नाही तं सवलत कायची? तू घेतलीच काहून? त्यायले म्हणायचं, चूक लिहून द्या.”

“ते देत नाहीत, बाबा.”

“मंग आकडा बरोबर कोणाचा, त्यायचा का आपला?”

मला बरं वाटलं. मीटर वाचणारा माणूस जसाच्या तसा समोर बसला होता. बायकोला जाऊन हे शब्दशः सांगायचं मी ठरवलं.

फोन चालू करून दिला. नवा बोर्ड असल्यामुळं तो बराच वेळ आपलं काहीबाही उतरवत होता आणि हातात धरवेना इतका तापला. मी तो बाबांजवळ टेबलावर ठेवला आणि मागच्या अंगणात कूलर भरायला गेलो. नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ड्रममधून बादलीनं काढून कूलर भरायला पाव तास तरी लागला. हात पुसत आत आलो तर टेबलावर फोन नव्हता. प्यायचं पाणी घ्यायला वळलो आणि तो दिसला. माठाच्या झाकणावर ओलं फडकं पसरलेलं होतं, त्याच्यावर फोन पालथा, आणि वरून फडक्याचा दुसरा पदर घातलेला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा.

मी तो उचलला. पडद्यावर ओळ होती: फोन खूप गरम झाला आहे, थंड होऊ द्या. बाबांनी ती वाचली असणार. लिहिलेलं वाचायचं आणि तसं करायचं, हीच त्यांची आयुष्यभराची रीत. फडक्याची घडी बरोबर फोनच्या मापाची होती आणि दुमडीवर कापड विरलं होतं. हे आजचं नव्हतं.

“बाबा, फोन इथं कोणी ठेवला?”

त्यांनी पेपरातून मान वर केली. “कुठं?”

“माठावर. ओल्या फडक्यात.”

ते उठून आले, पाहिलं आणि माझ्यावरच चिडले. “ओल्या फडक्यात फोन ठेवते का कोणी? पाणी जाईन ना त्यात. तूच ठेवला असशील.”

“मी मागं कूलर भरून राहिलो होतो.”

“मंग मी ठेवला का? मी नाही ठेवला.”

घरात आम्ही दोघंच होतो. त्यांच्या आवाजात अडखळ नव्हती, नजर सरळ माझ्या डोळ्यांत होती. ‘फोनला पाणी लागलं नाही’ असं मला सांगितलं तेव्हाही आवाज असाच होता, आणि त्या आवाजाच्या जोरावर मी महिनाभर भांडलो होतो. मी फोन सदऱ्यानं पुसला. “माझ्याकडूनच राहिला असेल,” म्हणालो. ते समाधानानं पुन्हा पेपर वाचायला बसले. मी मोटरचं बटण पाहून आलो, गॅस पाहून आलो, आणि दिवसाउजेडी निघायचं सोडून तिथंच बसून राहिलो.

सोमवारी पतसंस्थेत जायच्या आधी सर्व्हिस सेंटरला गेलो. तो माणूस शटर वर करत होता. मी त्याला सांगितलं, की पाणी लागलं होतं, तुमचं बरोबर होतं, पैसे घ्या. त्यानं मला खुर्ची दिली. “काका, तब्येत बरी हाये ना? अहो, केस बंद झाली. बंद केसमधी पैसे घ्यायचं सिस्टीममधी काही येतच नाही.” मग कंपनीला मेल लिहून मी तक्रार चुकीची होती असं कळवलं. उत्तरादाखल त्यांनी आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल ते विचारलं. त्या नऊ हजार चारशेचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाली नाही. तिनं आतल्या खोलीतली शिलाई मशीन हलवून खाटेपुरती जागा केली.

बाबांना मी उन्हाळा सरेपर्यंत चला म्हणालो. “काहून? फोन तं झाला ना दुरुस्त.” ठरल्याप्रमाणे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी उन्हाचं कारण पुढं केलं. “उन्हाळा काय यंदाच आला का बाप्पा?” ते म्हणाले, पण पिशवी भरली. खरं कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

आता ते आमच्याकडे आहेत. पहिल्याच आठवड्यात शनिवारी सकाळी मी विचारलं, “गोळी घेतली?” ते म्हणाले, “घेतली,” आणि आंघोळीला गेले. बाथरूममध्ये नळ वाजायला लागल्यावर मी फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली. सोमवारी नवी सुरू केली होती. तारखेवरून हिशेब केला, रिकाम्या खाचा मोजल्या. बरोबर होत्या. पुन्हा एकदा मोजल्या. त्या मोजत असताना नळ कधी थांबला, ते माझ्या लक्षात आलं नाही. बाबा टॉवेल गुंडाळून दारात उभे होते.

“किती निघाल्या?” त्यांनी विचारलं.

“सहा.”

“सहाच पायजे,” ते म्हणाले, आणि टॉवेलानं डोकं पुसत गॅलरीकडे गेले.