अप्पांनी न घेतलेली हरकत

गुरुलिंगअप्पा सरकारी माणसाला चहा पाजत, पण नाव सांगत नसत. मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं ते अशाच एका चहाच्या वेळी. मी सतरा वर्षांची होते आणि वडिलांसोबत बैलांचे कासरे घ्यायला त्यांच्या दोरखंडाच्या दुकानात गेले होते. आत गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक सर्वेक्षणवाला बसला होता. मांडीवर फॉर्म, हातात अर्धा संपलेला कप.

"अप्पा, नाव तरी सांगा की."

"पाटीवर लिवलंय की भाईर."

"ते दुकानाचं हाय. तुमचं?"

"मंग दुकानाचंच लिवा."

"बरं, घरात माणसं किती?"

"जेवायला का झोपायला?"

तो माणूस कपाळाला हात लावून पुढच्या रकान्यावर गेला. "शौचालय हाय का?"

"लागली का तुमाला? मागल्या बाजूला हाय, जावा की. लाजायलाव कामून?"

दुकानातले सगळे हसले, सर्वेक्षणवालाही हसला आणि कोरा फॉर्म घेऊन उठला. अप्पांनी त्याच्या खिशात बिस्किटाचा पुडा कोंबला. तो गेल्यावर वडिलांना म्हणाले, "त्याचं पोट हाय बिचाऱ्याचं. माजं भांडण त्याच्यासंगं न्हाई, त्याच्या वहीसंगं हाय."

आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या कर्नाटकाकडच्या टोकाला. अप्पांच्या मराठीत मधूनच कानडी यायचं. पुरे म्हणायचं असलं की ते 'साकु' म्हणत. गिऱ्हाईकाला, सुनेला आणि रेडिओवरच्या मंत्र्यालाही.

माझे वडील शेतकऱ्यांच्या चळवळीतले. आमच्या घरी देवाच्या फोटोमागे उदबत्तीचा पुडा नसे, पत्रकांचा गठ्ठा असे. बाजार मोकळा करा, शेतमालावरची बंदी उठवा, सरकारने माणसाच्या चुलीत डोकावू नये. मी अक्षरं लावायला शिकले ती या वाक्यांवर. अप्पांनी यातलं एकही पत्रक वाचलेलं नव्हतं. मला जे कागदावरून कळलं होतं, ते त्यांना दोरी वळता वळता कळलं होतं.

"जनावराचं दावं आखूड ठिवलं तर ते रागानं खुंटा उपटतंय," ते सांगत. "लांब ठिवलं तर त्याला वाटतंय आपून मोकळं हाव. सरकार आता हुशार झालंय पोरी, लांब दावं द्यायलंय. आपून चरूलालाव अन म्हनूलालाव, काय कुरन हाय!"

मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेले, मग नांदेडलाच नोकरीला लागले आणि स्वतः पत्रकं लिहू लागले. शनिवारी गावी आले की एक प्रत अप्पांना नेऊन द्यायची. मला पाहताच ते ओरडत, "आली का पत्रकवाली? आज कुनाला पाडलीस?" त्यांचा मुलगा शिवानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याच्यावर अप्पांचा भारी जीव, पण जेवायला बसले की सुनेला हाक मारत, "सरकारला भाकर वाढ गं. त्याला भूक लई." शिवादादा मान खाली घालून जेवत राही. त्याला ते बोलणं लागत असे, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

तत्त्वाची गोष्ट दुसऱ्याच्या अंगणात सोपी असते. अप्पांनी ती स्वतःच्या पायरीवर पाळली. एक दिवस त्यांच्या दुकानासमोर महेबूब नावाच्या माणसाने प्लास्टिकच्या दोऱ्यांचा हातगाडा लावला. निम्म्या भावात रंगीत दोरी. महिनाभरात अप्पांचं गिऱ्हाईक त्या गाड्याकडे वळलं. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी नगर परिषदेला निवेदन लिहिलं, गाडे हटवा म्हणून. सही मागायला अप्पांकडे सर्वांत आधी आले, कारण नुकसान त्यांचंच होत होतं.

"मी सही करनार न्हाई."

"अहो, तुमच्यासाठीच करूलालाव की आम्ही!"

"आज तेचा गाडा उचलायला तुमी गाडी बोलवताव. उद्या तीच गाडी माज्या पायरीचं माप घ्यायला यील. तवा कुनाला बोलवू?"

व्यापारी चिडून गेले. अप्पांनी महेबूबला हाक मारली आणि म्हणाले, "तुजी दोरी उन्हानं तुटतीया, ते मी गिऱ्हाईकाला सांगनार. तू माजी महाग हाय म्हनून सांग. हाय का कबूल?" महेबूब म्हणाला, "कबूल, चाचा." दोघेही दिवसभर एकमेकांच्या मालाची निंदा करत आणि दुपारी एकत्र जेवत. त्यावर मी पत्रक लिहिलं. माझं आजवरचं सर्वांत चांगलं पत्रक तेच.

गावाबाहेर अप्पांचं एकरभर रान होतं. त्याच्या कोपऱ्यात त्यांची बायको, महादेवीकाकू. आमच्याकडे लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून मांडी घातलेल्या अवस्थेत पुरतात. त्यामुळे अप्पा कधी 'ती गेली' म्हणत नसत. म्हणत, "तुजी काकू रानात बसलीया." काकूंना तिथे बसवलं तेव्हा ते रान ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतं. ग्रामसेवक ओळखीचा होता, दारावर येऊन म्हणाला, "अप्पा, एका ओळीचा अर्ज द्या, नोंद करून ठेवतो." अप्पांनी त्याला चहा दिला. "माज्या बायकूला माज्या रानात बसवायला तुजी इजाजत कामून घेऊ?"

पुढे गावाची हद्द वाढली आणि ते रान नगर परिषदेत आलं. मग वर्तमानपत्रात प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली. नकाशावर अप्पांच्या रानाला हिरवा रंग दिला होता. बगीच्यासाठी आरक्षण. हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात. त्या शनिवारी अप्पांनी कात्रण माझ्यासमोर ठेवलं.

"शिवा म्हनतोय हरकत दे. तू काय म्हनतीस?"

मी काय म्हणाले, ते मला शब्दाशब्दाने आठवतं. म्हणाले, "अप्पा, हरकत घ्यायची म्हणजे तुमच्या रानावर रेघ मारायचा त्यांचा हक्क आधी कबूल करायचा. ज्यांनी रेघ मारली, सुनावणीही तेच घेणार. चोराने घरात शिरण्याआधी तीस दिवस दिले, म्हणून आपण त्याला अर्ज लिहायचा का?"

अप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलास का रे सरकार? ह्याला म्हंतात शिकल्याली पोरगी!" शिवादादा दारात उभा होता. तो फक्त म्हणाला, "कागद हाय ते. दिऊन ठिवला तर काय बिघडतंय?" आम्ही दोघांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तशा नजरेने आज मी कोणाकडेच पाहणार नाही. तीस दिवस गेले. आम्ही हरकत घेतली नाही.

योजना मंजूर झाली. काही वर्षांनी पंचनामा झाला, ताबा घेतला गेला. मोबदल्याला अप्पांनी हात लावला नाही. रानाभोवती सिमेंटचे खांब आणि तार आली, फाटकाला कुलूप लागलं. बगीचा मात्र झाला नाही. आत गाजरगवत वाढलं आणि त्याच्या पल्याड काकूंच्या समाधीचा ओटा नुसता दिसत राहिला. किल्ली नगर परिषदेत होती, मागितली असती तर त्यांनी दिलीही असती. अप्पांनी मागितली नाही. त्यांनी त्या रस्त्यानं जाणंच बंद केलं.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. एका शनिवारी त्यांनी माझा हात धरला. "पोरी, मला दुसरं काई नगं. तिच्या बाजूला बसवा."

सोमवारी मी रजा काढली आणि शिवादादाबरोबर नगर परिषदेत गेले. भांडायच्या तयारीने गेले होते, पण भांडायला समोर कोणी मिळालं नाही. सगळेच चांगले वागले. नगररचनेच्या टेबलावरच्या बाईंनी पंखा आमच्याकडे वळवला, फाइल काढली, पानं उलटली. त्यांचे सासरे अप्पांकडूनच कासरे घ्यायचे, असंही सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का? समाधी आहे एवढं जरी कळवलं असतं ना, तर तो कोपरा वगळता आला असता. बाजूच्या गटातलं देऊळ बघा, त्यांनी अर्ज दिला होता, वगळलंय."

शिवादादाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. महोदय, सविनय विनंती. विषय सर्वसाधारण सभेपुढे जाईल, तिथून लातूरला, तिथून पुढे, असं त्या बाईंनी समजावलं. किती दिवस लागतील, हे त्यांनाही सांगता येईना. परवानगीशिवाय पुरलं तर गुन्हा दाखल होईल, हेही त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, धमकी म्हणून नाही, काळजीपोटी.

संध्याकाळी मी अप्पांच्या उशाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. हरकतीचंही. "माझं चुकलं, अप्पा."

ते वर पत्र्याकडे बघत म्हणाले, "अर्ज लिवलीस व्हय? अक्षर तर बरं काढलीस ना?"

मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडू नगं. तू सांगितली नसतीस तर बी मी दिली नसती हरकत. पर एक ध्यानात ठिव. तू मला खरं सांगायला आली नव्हतीस. मला गोड वाटंल ते बोललीस. अन शिवाचं कडू लागलं म्हनून मी थुकून टाकलं." मग त्यांनी डोळे मिटले. "त्याला म्हनावं, जेवून घे."

अकराव्या दिवशी, अर्ज अजून टेबलावरच असताना, अप्पा गेले.

सकाळी मी शिवादादाला बाजूला घेतलं. "आपण रानातच नेऊ. काय व्हायचं ते होऊ दे. मी लिहीन, लोक उभे राहतील."

"लोक उभे राहतील संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला. "तुझं एक पत्रक होईल, बाई. माझी नोकरी जाईल, आणि उद्या त्यांनी मशीन लावून अप्पांना परत काढलं तर? ते मी बघू?" त्याचा आवाज चढला नव्हता.

अप्पांना विमानात, म्हणजे सजवलेल्या अंत्ययात्रेच्या पालखीत, बसवलं. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, कपाळभर विभूती, हातात इष्टलिंग. पुढे हलगी, मागे आम्ही. नगर परिषदेने नेमून दिलेली दफनभूमी गावाच्या पार पलीकडे आहे आणि तिकडे जायला एकच रस्ता आहे. तो अप्पांच्या रानावरून जातो.

रान आलं तसे खांदेकरी थांबले. कोणी थांबा म्हणालं नव्हतं. हलगी बंद झाली. स्वामींनी मंत्र अर्ध्यावर सोडला. महेबूब गाडा बंद करून आला होता, तो तारेला हात लावून उभा राहिला. गाजरगवतापल्याड ओटा दिसत होता, आणि त्याच्या बाजूला एक माणूस बसेल एवढी मोकळी जागा.

ते कुंपण कमरेएवढं होतं. आम्ही शंभरेक माणसं होतो. कोणीही तार दाबून धरली असती, तर विमान सहज आत गेलं असतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हाताकडे पाहत होता. बरेचजण माझ्याकडेच पाहत होते. माझे हात माझ्या अंगालगतच राहिले.

मागून एका टेम्पोने हॉर्न दिला. शिवादादा हळूच म्हणाला, "चला." आणि आम्ही अप्पांना उचलून पुढे नेलं.