तळघरातले बूट

तळघरात उतरताना मी कानातल्या इअरफोनचा माईक बंद करायला विसरलो.

त्या रविवारी दुपारी अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये बर्फ पडत होता, म्हणून आमच्या मराठी वाचन मंडळाची बैठक ऑनलाइन होती. निवृत्त डॉक्टर असलेल्या एका काकूंनी भयकादंबरी निवडली होती: ओसाड बंगला, तळघरातून येणारे आवाज वगैरे. भुताखेतांना हसणारा इंजिनिअर म्हणून मंडळात माझा रुबाब होता. तो सांभाळत मी म्हणालो, "काकू, शिकलेला माणूस असा घाबरेलच कसा? मला एक पानही पटलं नाही."

तेवढ्यात आमच्याच तळघरातून आवाज आला. धप्. धप्. बायको आणि लेक बाहेर गेलेल्या, घरात मी एकटा.

"पाणी पिऊन येतो हं," म्हणत मी स्वयंपाकघरातलं लाटणं उचललं आणि जिन्यावर लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र मोठमोठ्यानं सुरू केलं. शेवटच्या पायरीपर्यंत कादंबरीचं पानन् पान पटलं होतं.

खाली कपडे वाळवायचा ड्रायर गरगर फिरत होता. बायको जाताना त्यात लेकीचे धुतलेले बूट टाकून, उशिरा सुरू होण्याचा टायमर लावून गेली होती.

"बूट आहेत होय!" मी ओरडलो.

कानात काकू म्हणाल्या, "पुस्तकातला माणूस तुझ्यापेक्षा धीट होता रे. आणि स्तोत्रातल्या दोन ओळी गाळल्यास तू."