समाधानाच्या रकान्यातली सही

दर गुरुवारी सकाळी नऊला मी देवासहून गाडी काढतो आणि धारला आक्काकडे जातो. आक्का माझी थोरली बहीण. आम्ही पाच भावंडं होतो, आता दोघं उरलो. तिचे गुडघे गेले, कानही जवळजवळ गेले, पण जीभ शाबूत आहे आणि ती मराठीत चालते. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा हैदराबादला असतो, त्याची पोरं फोनवर "दादाजी, कैसे हो" एवढं विचारतात आणि फोन आईकडे देतात. गल्लीत सगळे चांगले आहेत, येता-जाता रामराम करतात. पण मनमोकळं मराठी बोलायचं तर मला शंभर किलोमीटर जावं लागतं.

गेलो की ती म्हणते, "आलास धाकट्या?" मग आम्ही जेवतो. जेवण झालं की तिला पुढच्या सीटवर बसवतो आणि तळ्याला एक चक्कर मारून आणतो. आठवड्यातून तेवढीच ती घराबाहेर पडते. गाडी घेतली ती याच्याचसाठी.

सबंध आयुष्य मी मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवला. धामनोदचे ढाबे मला माझ्या सासुरवाडीपेक्षा जास्त ओळखायचे. पण ट्रक दुसऱ्याचे. स्वतःच्या नावाची गाडी बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा घ्यायला निघालो, तर बँकेतला माणूस म्हणाला, "दादा, आपकी उमर में लोन नहीं होता. बेटे को साथ में लेना पड़ेगा." तीन दिवस मी मुलाला फोन केला नाही. चौथ्या दिवशी केला. त्याने सही केली आणि म्हणाला, "बाबा, हप्ता मी भरतो." मी म्हटलं, "मग गाडीही तूच चालव." हप्ता मी भरतो, खालच्या दोन खोल्यांच्या भाड्यातून.

गाडी घेणाऱ्याला दोन-तीन गोष्टी सांगतो. शोरूमवाला हप्ता सांगतो, तो ऐकून माणूस खूश होतो. हप्ता लहान म्हणजे वर्षं जास्त आणि वर्षं जास्त म्हणजे व्याज जास्त. शेवटपर्यंत एकूण किती जाणार, ते कागदावर लिहून मागा. विमा आणि बाकीचा फापटपसारा लोनमध्येच घुसवलाय का, तेही विचारा, कारण मग त्याच्यावरही व्याज बसतं. आणि लोन फिटलं की बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन गाडीच्या कागदावरून बँकेचं नाव काढून घ्या. हे लोक विसरतात आणि गाडी विकायला जातात तेव्हा अडकतात.

एवढं शहाणपण माझ्याकडे होतं, तरी एक चूक तिथेच केली. शोरूममधला पोरगा म्हणाला होता, "दादा, दो साल की वारंटी है, थोड़े में बढ़वा लो." मी त्याला म्हटलं, बेटा, तुझ्या जन्माआधीपासून मी इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतोय. वाढीव वारंटी घेतली नाही. ती नंतर घेता येत नाही. पहिली संपायच्या आत घ्यावी लागते.

जवळजवळ दोन वर्षं गाडी लोण्यासारखी चालली. मग एका गुरुवारी घाटाबिल्लोदच्या पुढे ती झटके द्यायला लागली. ऊन होतं, एसी चालू होता, चढाला दाबलं की माणसाला उचकी लागावी तशी मागे-पुढे. गाडी उभी केली, वीस मिनिटं थांबलो, चालू केली, तर एकदम शहाणी. पुढच्या गुरुवारी तेच. थंड असली की ठीक, गरम झाली की उचकी. माझा कान सांगत होता की तीनातला एक सिलिंडर मधूनमधून काम सोडतोय. प्लगला वीज देणारी एक कॉइल असते, प्रत्येक सिलिंडरची वेगळी. ती आतून तडकली की गरम झाल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर परत कामाला लागते. ट्रकला हे नसतं, पण शेजारच्या टॅक्सीवाल्याच्या गाडीला हेच झालं होतं, ते मी पाहिलं होतं.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर एक मुलगी होती. आडनावावरून कळलं आपल्यातली, पण बोलत होती हिंदीच. मराठी समजतं का विचारलं तर हसली. "घर में दादी बोलती हैं. मुझे समझ आता है काका, बोलने में हँसी आती है." चांगली मुलगी होती. मी तिला कॉइलचं सांगितलं. तिने कागदावर एवढंच लिहिलं, पिकअप कम. गाडी त्यांनी ठेवून घेतली, सकाळी गारव्यात फिरवली, कॉम्प्युटर लावला, काही निघालं नाही. प्लग बदलले आणि प्लगचे पैसे घेतले. प्लग, क्लच, ब्रेकची पट्टी, वायपर या झिजणाऱ्या वस्तू, वारंटीत येत नाहीत. बॅटरीचा कागद वेगळा असतो. कॉइल वारंटीत येते, पण कॉइल त्यांनी बघितलीच नाही.

गाडी घ्यायला गेलो तर मला एसीत बसवलं. चहा आणला, वर बिस्किटं. मग मुलीने कागद पुढे केला. छापील हिंदी होती. बोलण्यातली हिंदी मला पाण्यासारखी येते, पण मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, सरकारी-कागदी हिंदीशी माझं कधी जमलं नाही. शेवटी एक ओळ होती: समाधान हुआ. पुढे हाँ आणि नहीं असे दोन रकाने.

आता आमच्या घरचं सांगतो. जेवण झालं की आई प्रत्येकाला विचारायची, "समाधान झालं का रे?" दुसऱ्याच्या घरी जेवलो की तिथली बाई विचारायची. या विचारण्याला "नाही" असं उत्तरच नसतं. पोट अर्धं रिकामं असलं तरी माणूस म्हणतो, झालं हो, भरपूर झालं. नाही म्हणणं म्हणजे वाढणारीचा अपमान. आमच्या लहानपणी धाकट्या काकाने एकदा गंमत म्हणून नाही म्हटलं, तर आई ताटावरून उठून गेली होती.

मी त्यांचा चहा प्यायलो होतो. मुलगी नातीच्या वयाची, समोर उभी. विचारतेय, समाधान झालं का. मी हाँवर खूण केली आणि वळणदार सही ठोकली.

हिंदीत समाधान म्हणजे तोडगा. रोग बरा झाला, तक्रार मिटली. हे मला नंतर कळलं.

पुढच्या गुरुवारी घाटाबिल्लोद ओलांडलं आणि गाडीला उचकी लागली. या वेळी इतकी की मागचा डंपर हॉर्न मारत अंगावर आला. मी गाडी वळवली आणि हळूहळू देवासला परत आणली. तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो, तर मधल्या काळात वारंटीची तारीख उलटून गेली होती. मी म्हटलं, तक्रार तर आधीची आहे. मुलीच्या साहेबाने कागद काढून माझ्यासमोर धरला.

"दादा, ये देखो, आपके साइन. समाधान हुआ, हाँ. शिकायत तो बंद हो गई. अब ये नई शिकायत है, पैसे लगेंगे."

"मी चहाला हो म्हटलं होतं," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, रागाच्या भरात.

"क्या बोल रहे हैं?" त्याने मुलीला विचारलं.

मुलगी खाली बघत म्हणाली, "सर, मराठी में समाधान का मतलब दूसरा होता है. पेट भर गया, मन भर गया, ऐसा."

साहेब हसला. "तो भिया, मन भर गया था ना? लिख के दिया है."

मी गाडीची चावी उचलली आणि निघालो. कॉइल काही सोन्याची नसते, पैसे माझ्याकडे होते. पण जे त्यांनी द्यायचं ते मी का देऊ? गाडी दारात उभी केली, वर कापड टाकलं. म्हटलं, उभी राहू दे, पण एक पैसा देणार नाही.

आक्काला फोनवर काही सांगता येत नाही, तिला ऐकू येत नाही. फोन तिची सूनबाई घेते. मी तिला सांगितलं, गाडी सर्व्हिसला दिलीय, पुढच्या गुरुवारी येतो. पुढच्या गुरुवारी परत तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी फोनच केला नाही. बसने जाणं माझ्या डोक्यात येत होतं, पण ज्याने तीस-पस्तीस वर्षं स्टीअरिंग धरलं त्याने पिशवी घेऊन इंदूरच्या स्टँडवर बस बदलत उभं राहायचं, हे मला पटत नव्हतं. त्या तीन आठवड्यांत मी किती बोललो असेन? दूधवाल्याशी एक वाक्य. एक दिवस तर आरशासमोर दाढी करताना मी स्वतःशी मोठ्याने बोललो आणि आवाज घोगरा लागला, बंद पडलेल्या गाडीचा पहिला स्टार्टर वाजावा तसा.

चौथ्या गुरुवारी बसने गेलो. दोन बस बदलून पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आक्का बाहेरच्या पायरीवर बसली होती. घडीची साडी, पायात चपला, हातात रुमाल. तळ्याकडे जाताना ती करते ती सगळी तयारी.

सूनबाईने मला बाजूला घेतलं. "मामाजी, हर गुरुवार ऐसे ही बैठती हैं. मैं बताती हूँ, गाड़ी सर्विस में है, तो बोलती हैं, भाई ड्राइवर है, गाड़ी आ जाएगी. शाम को खुद ही उठ के चप्पल उतार देती हैं."

आक्काने माझ्या मागे रस्त्यावर बघितलं. "गाडी कुठे लावलीस?"

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो, "नाही आणली!"

"का? विकलीस?"

"बिघडलीय!"

"मग नीट कर की," ती म्हणाली. "तुला येतं ना ते?"

जेवताना मी मान वर केली नाही. जेवण झाल्यावर तिने विचारलं, समाधान झालं का. मी हो म्हटलं. तिने चपला तशाच पायात ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापड काढलं आणि गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. साहेबाला म्हटलं, पैसे देतो, पण माझ्या म्हणण्याप्रमाणे बघायची. मेकॅनिकला शेजारी बसवलं आणि एसी लावून बायपासवर पळवली. पाऊण तासाने उचकी आली. मेकॅनिक पुढे झुकला. "अरे दादा, ये तो मिस कर रही है, एक सिलिंडर छोड़ रही है!" परत आल्यावर कॉम्प्युटरने दुसरा सिलिंडर दाखवला, तेव्हा मी त्याला म्हटलं, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लाव. त्याने अदलाबदल केली, गाडी परत तापवली, तर रोग तिसऱ्यावर गेला. कॉइलच. नवी बसवली.

मुलगी हळूच म्हणाली, "काका, पुराना जॉब कार्ड, वो शिकायत वाला कागज़, लगा के कंपनी को मेल कर दो. लिखो कि वही शिकायत दोबारा आई, पहली बार वारंटी में थी. पार्ट के पैसे वापस हो सकते हैं." मी म्हटलं, राहू दे. माझं राहू दे, पण तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्ही नक्की करा. आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कधी होते, गरम असताना की थंड, चढाला की सपाटीला. पिकअप कम एवढ्याने काही होत नाही. आणि गाडी जिथे बिघडते तिथे चालवून बघितल्याशिवाय सही करू नका, चहा कितीही गोड असो.

या वेळी तिने समाधानाचा कागद पुढे केला तेव्हा मी सही केली नाही. म्हटलं, तळ्याला चक्कर मारून आल्यावर सांगतो. तिला कळलं नाही कुठलं तळं, पण ती म्हणाली, "ठीक है काका, फोन आएगा आपको."

गुरुवारी घाटाबिल्लोदचा चढ गाडी एका दमात चढली. आक्का पायरीवरच होती. जेवायलाही थांबली नाही, आधी गाडीत बसली. तळ्याच्या काठाने मी दुसऱ्या गियरमध्ये चालवत होतो आणि ती बोलत होती. आईने आम्हाला पोहायला जायची बंदी केली होती ते, आणि मी तरी गेलो होतो ते. तेवढ्यात फोन वाजला. गाडी कडेला घेतली. कुठल्या तरी दुसऱ्याच मुलीचा आवाज, गोड, पाठ केल्यासारखा. "सर, क्या आपकी समस्या का समाधान हुआ?"

हो म्हणायचं नाही असं ठरवूनच ठेवलं होतं.

"कोण आहे?" आक्काने विचारलं.

मी तिच्या कानात ओरडलो, "एक मुलगी आहे! विचारतेय, समाधान झालं का!"

आक्काचा चेहरा एकदम उजळला. "कुणाची रे ती? चांगली पोर आहे. आता कोण विचारतं असं! सांग तिला, झालं म्हणावं. दोघांचंही झालं."

"हाँ," मी फोनमध्ये म्हटलं. "हो गया."

"धन्यवाद सर. आपकी शिकायत बंद की जाती है."

मी फोन खिशात ठेवला. आक्का काचेतून पाण्याकडे बघत होती.

"पुढच्या गुरुवारी पण करेल का ती फोन?"

मी नाही म्हटलं. तक्रार बंद झाली.