तडीकाकांचं लाल बटण

कुठलंही यंत्र समोर आलं की तडीकाका आधी विचारायचे, “हे थांबतं कसं?” बेळगोळच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर विजेच्या मोटरींना तांब्याची तार गुंडाळली. निवृत्तीनंतर ते म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या घरी शेजाऱ्यांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करत. केसाएवढी तार अंगठा आणि तर्जनीत धरून वेढे घालू लागले की बघणाऱ्याचाच श्वास अडकायचा.

मी सांगलीहून नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. काकांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलं, एके काळी कापड रंगवणारं. त्यांच्या मराठीत कानडी मुरलेलं. मी हातात पाना घेतला की ते म्हणत, “तडी, तडी!” त्यावरूनच मी त्यांना तडीकाका म्हणू लागले. मला वाटायचं, ‘तडीस ने’ म्हणतायत, काम पुरं कर म्हणून धीर देतायत. मी जोर वाढवायची. ते कपाळाला हात लावायचे.

काम होतं बाबांच्या छपाईयंत्राचं. कामगारांची पत्रकं छापायचं ते, हाताने फिरवायचं. त्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली. ‘कामगाराचा हात आधी, उत्पादन नंतर’ हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आता त्याला मी गाडीच्या वायपरची मोटर आणि सायकलची साखळी जोडत होते.

“थांबायचं बटण कुठंय गं?”

“एवढ्याशा मोटरला बटण कशाला, काका? वायर काढली की थांबेल.”

“आणि हात आत गेल्यावर वायर काढायला कोण, तुझे बाबा येणार सांगलीहून?”

मी हसले. बटण नंतर लावू म्हटलं.

एका रविवारी साखळी सारखी उतरत होती. काकांनी ती चक्रावर बसवायला बोटं आत घातली. मी बॅटरीपाशी होते.

“तडी, तडी!” ते म्हणाले.

मी वायर जोडली.

काकांची उजवी तर्जनी साखळीत अडकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वायर ओढत होते, बॅटरीवरचा चिमटा सुटेना, आणि मोटर फिरतच होती.

दवाखान्यात नर्सने “तडीरी!” म्हटलं आणि दारातली रांग जागीच थांबली. तेव्हा मला कळलं, तडी म्हणजे थांब. बाकावर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होते, बोट राहील ना?

काका बाहेर आले. “राहिलं. वाकायचं नाही म्हणे.”

मला तार आठवली. त्यांनाही.

“पत्रक काढशील ना यावर?” ते म्हणाले. “मालकाच्या जागी कुणाचं नाव घालणार?”

“माझं.”

“घाल, घाल. चुकत नाहीस.”

मुलीकडे पिरियापट्टणला कायमचे जाण्याआधी त्यांनी मला समोर बसवून लाल बटण लावून घेतलं. ते सांगत होते, मी जोडत होते. मग डाव्या हाताने त्यांनी ते पुन्हापुन्हा दाबून पाहिलं. दर वेळी यंत्र थांबलं.

“आता तडी,” ते म्हणाले. माझा हात हवेतच थबकला.

काका खळखळून हसले. “आमची नव्हे गं, तुमची. तडीस ने.”

मी आधी त्यांचे दोन्ही हात कुठे आहेत ते बघितलं. मग वायर जोडली.