हद्दवाढ आणि नानांचा बैल

नाल्याच्या अलीकडे आमचे लोखंडी पाइप रचून ठेवलेले, आणि पलीकडे वस्तीतले जुने शेतकरी नाना काठी टेकून उभे. "साहेब, पाइप तठेच ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

धुळ्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा म्युनिसिपालटीत ओव्हरसियर होतो. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. नाल्यापलीकडची वस्ती मूळची शेतकऱ्यांची, पण शेतांचे प्लॉट पडून तिथे मास्तर, कारकून राहायला आले होते. गावात नळ, वस्तीला एकच विहीर. उन्हाळ्यात ती तळ गाठायची. मग बायका नाल्यात झिरे खणून वाटीवाटीनं हंडा भरत. त्यांत नानांची बहीण अक्का होती आणि तिची पोटुशी सूनही.

कायदा साधा. शहराचा कारभार म्युनिसिपालटीकडे, खेड्यांचा लोकल बोर्डाकडे. हद्दीबाहेर आम्हाला वीतभर पाइप टाकता येत नसे. म्हणून हद्दवाढ, म्हणजे वस्तीच शहराच्या हद्दीत घ्यायची. पण वस्तीनं हरकत घेतली की प्रकरण कलेक्टर कचेरीत धूळ खात पडणार. आणि नानांच्या शब्दाबाहेर वस्तीत कुणी नव्हतं.

मला वाटलं, घरपट्टीची भीती असेल. चांगला तासभर घसा कोरडा केला. नानांनी शांतपणे ऐकलं. "बठ्ठं खरं शे. पन पोळाले मना बैल कोठे उभा ऱ्हाई?"

म्हणजे सगळं खरं, अडलं होतं ते बैलापाशी. मी कपाळाला हात लावला. पोळ्याला तोरणाखालून पहिला जातो तो मानाचा बैल. वस्तीच्या मारुतीपुढे हा मान नानांचा, गावात आबा नावाच्या मानकऱ्याच्या घराचा. हद्द एक झाली की पोळाही एक होणार आणि आपला बैल आबांच्या बैलामागे जाणार, असं नानांनी धरून ठेवलेलं.

"नाना, पोळा आमच्या कायद्यात येत नाही हो."

"आज नही येत. उद्या येई."

कचेरीत हे सांगितलं तर चीफ ऑफिसर साहेब हसले. "मग तसं लिहून देऊ त्यांना."

"कागदावर त्यांचा भरवसा नाही, साहेब."

"मग कुणावर आहे?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं. मग ध्यानात आलं, ज्यांच्या बैलाची धास्ती त्यांचाच शब्द हवा. तडक आबांच्या ओसरीवर गेलो. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, तोंडात सुपारी. सगळं ऐकून म्हणाला, "एवढ्यासाठी बाया झिऱ्यावर बसल्या? चला." आणि धोतराचा सोगा धरून नाल्यात उतरलासुद्धा.

नाना खाटेवर होते. आबा उभ्यानंच बोलले, "नाना, तुना तोरणखाले तुनाच बैल पहिला. मना पोरेस्लेबी मी सांगी ठेवस."

आतून अक्का म्हणाली, "मान भेटी गया ना तुले? आते मनी सूनले पानी भेटू दे."

नानांनी सरकून आबांना खाटेवर जागा दिली आणि चहा सांगितला. हरकत मिटली, हे मी ओळखलं.

आमचे चीफ ऑफिसर साहेब स्वतः कलेक्टर कचेरीत ठाण मांडून बसले आणि मंजुरी घेऊनच परतले. अक्काच्या सुनेच्या बाळंतपणाचं पाणी चुलीवर चढलं ते नळाचं. ते ऐकलं तेव्हा मला इतका आनंद झाला की बायकोला शिरा करायला लावला.

पोळ्याला आबा जातीनं वस्तीत हजर. नानांचा बैल पहिला तोरणाखालून गेला. सार्वजनिक नळावर जनावरं धुवायला आमच्याकडे मनाई होती, आणि तो बैल धुतला होता नळावरच. मी दुसरीकडे पाहिलं. आणि मानाचा बैल एरवी आधी मालकाच्या घरी जातो, तो त्या वर्षी नाला ओलांडून माझ्या क्वार्टरपुढे येऊन उभा राहिला. बायकोची तारांबळ उडाली. तिनं त्याला ओवाळलं, पुरणपोळी भरवली.

"साहेब, आते तुम्हीबी आमना," नाना म्हणाले. मी साताऱ्याकडचा, बदलीचा माणूस. डोळे भरून आले. नाना आणि आबांचे हे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

पुढे नोकरीत आणखी गावांच्या हद्दी वाढवल्या. नवे ओव्हरसियर गेल्या गेल्या नकाशा पसरत. मी आधी विचारायचो, इथे पोळ्याला पहिला बैल कुणाचा?