फेरीच्या रांगेतलं दही

कॅनडात, हॅमिल्टनला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका, मी कचरा टाकायला निघालो तरी अडवून तळहातावर दही-साखर ठेवतात आणि नमस्कार करून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. यंदा आम्ही मिळून रात्रभराच्या फेरीबोटीने कॅनडातल्याच न्यूफाउंडलंड बेटावर निघालो. त्यांच्या मते तो तर परदेशच.

"तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं, म्हणजे देश वेगळा!"

गाड्यांच्या रांगेतच त्यांनी डबा उघडला. आम्हाला दिलं, तिकीट तपासणाऱ्या पोरीलाही दिलं. मग चमचा धरून घुटमळले. स्वतःच्या हाताने कसं घेणार? काकू होत्या तोवर हा प्रश्नच आला नव्हता.

पोरीने बोटं चाटली, "युअर टर्न!" म्हणत चमचा घेतला आणि त्यांच्या हातावर दही ठेवलं. ते खाऊन काका लगेच तिच्या बुटांपाशी वाकले. तीही टॉर्च लावून घाईघाईने वाकली.

"डिड यू लूज समथिंग, सर?"